गळ एकट्याने टाकू नये

पावसाळा तोंडावर आला की माझ्या पेणच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब मोजून होतो, गोळ्या लिहून होतात आणि रुग्ण खुर्चीतून उठता उठता हळूच विचारतो, "डॉक्टर, पहिला पाऊस पडल्यावर मुठ्यांना गेलो तर चालेल ना?" शेजारी बसलेली बायको लगेच डोळे वटारते. डॉक्टरांनी स्पष्ट "नाही" म्हणावे अशी तिची अपेक्षा असते.

पुष्कळ वर्षे मी तसेच म्हणत आलो. रात्रीची वेळ, चिखलाचे बांध, साप-विंचू, वरून पाऊस आणि जाणाऱ्याचे वय साठीच्या पुढचे; डॉक्टरने दुसरे काय सांगायचे? परंतु रोह्याच्या एका रुग्णामुळे मला माझे उत्तर बदलावे लागले. त्याचीच हकीगत आज सांगतो.

माझी मनाई

आठवड्यातून एक दिवस मी रोह्याला रुग्ण पाहतो. तेथे येणाऱ्या या गृहस्थांना आपण अण्णा म्हणू. कारखान्यातून निवृत्त झालेले, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जडलेले. दुपार कलली की गरी घेऊन कुंडलिकेच्या काठाला जाऊन बसायचे, हा त्यांचा जुना नाद. बरोबर चौघे ठरलेले : एक निवृत्त शिक्षक, एक रिक्षावाले, एक केशकर्तनालयवाले आणि त्या सर्वांना मासा कुठे लागेल हे सांगणारे एक वृद्ध कोळी. मासा लागो न लागो, दिवस मावळेपर्यंत बैठक चालायची. पावसाच्या पहिल्या झडीला हीच मंडळी वलगणीचे मासे आणि मुठे धरायला रात्री शेतावर जायची.

एकदा अण्णांच्या पायाला काठावरच्या फुटक्या काचेने जखम झाली. मधुमेह्याच्या पायाची जखम ती! भरायला दीड महिना लागला. मी चिडलो आणि नदी पूर्ण बंद करण्याची ताकीद दिली. अण्णांनी ती निमूटपणे पाळली.

चार महिन्यांनी तपासले तेव्हा साखर कमी होण्याऐवजी वाढली होती. वजन वाढले होते, झोप उडाली होती. वहिनी म्हणाल्या, "दिवसभर खाटेवर पडून असतात. घरात माणूस आहे की नाही, कळत नाही." गोळ्या वेळेवर चालू होत्या, पथ्यही होते. मी झोपेची गोळी लिहावी की काय, या विचारात होतो.

पुढच्या खेपेला अण्णांच्या आधी त्यांचे दोन सोबती नंबर लावून बसलेले दिसले. दोघांनाही काहीच दुखत नव्हते. रिक्षावाले म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अण्णांना आमच्याबरोबर सोडा. काय काळजी घ्यायची ती आम्हाला सांगा, आम्ही घेतो."

मी अटी घातल्या. पायात पूर्ण झाकणारे बूट हवेत. घरी आल्यावर पावले धुऊन, पुसून, तळव्यापर्यंत पाहायची. संध्याकाळचे खाणे चुकवायचे नाही. खिशात साखरेची पुडी ठेवायची. साखर एकाएकी उतरली तर माणूस कसा दिसतो, हेही मी त्या दोघांना समजावले : घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, माणूस विनाकारण चिडतो.

सहा महिन्यांत साखर आटोक्यात आली. गोळ्या त्याच होत्या. फरक होता तो रोजच्या जाण्या-येण्याच्या चालीचा, वेळेवर लागणाऱ्या भुकेचा, शांत झोपेचा आणि चहात दुसरा चमचा साखर टाकताना हात धरणाऱ्या चौघांचा.

ती संध्याकाळ

खरी कसोटी पुढे दोन वर्षांनी लागली. अण्णांनी दुपारी गोळी घेतली, पण घरी पाहुणे असल्याने जेवण अर्धवट टाकून ते नदीवर गेले. तासाभराने त्यांची जीभ अडखळू लागली. उठून उभे राहताना तोल गेला आणि सावरायला आलेल्यावरच ते खेकसले. काठावरून जाणारा कोणी म्हणाला, "जास्त झालेली दिसते."

अनोळखी माणसाने असेच म्हटले असते आणि तो पुढे निघून गेला असता. पण अण्णा दारूला शिवत नाहीत, हे सोबत्यांना तीस वर्षे ठाऊक होते. शिक्षकांनी खिशातली पुडी काढली, तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली आणि पाव तास वाट पाहिली. अण्णा भानावर आले. मग त्यांना दोन पोळ्या खायला घालून रिक्षात बसवले आणि डॉक्टरकडे नेले. दुसऱ्या दिवशी मी गोळीची मात्रा कमी केली.

येथे एक सूचना. साखरेचे पाणी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच पाजावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

त्या दिवशी अण्णा एकटे गळ टाकून बसले असते, तर काय झाले असते हे मी वेगळे सांगायला नको.

शिकाऱ्यांचे जुने मंडळ

आपल्या भागात शिकार ही मुळात एकट्याची गोष्ट नव्हतीच. पेण-रोह्याच्या डोंगराकडच्या गावांतील वृद्ध माणसे हाकाऱ्याच्या गोष्टी सांगतात. कोणी ढोल वाजवायचा, कोणी वाट अडवायची, प्रत्येकाची जागा ठरलेली असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातली शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. मुरूड-रोहा तालुक्यांतले फणसाडचे जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ पासून ते अभयारण्य आहे. ज्या सांबरावर तेथे बंदूक रोखली जाई, ते पाहायला आता लोक जातात. आपल्याकडे उरली ती गरी, पाग आणि मुठे. त्यातही गाभोळी भरलेली मासळी सोडून द्यावी, एवढे भान असावे.

शिकार आणि निसर्गाच्या नादी लोकांनी एकत्र बसण्याचे मोल काय असते, याचे मोठे उदाहरण मुंबईत आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण एकत्र आले आणि त्यांनी एक मंडळ काढले. आपण काय पाहिले, काय आढळले हे एकमेकांना सांगावे, नमुने दाखवावेत, एवढाच हेतू. या आठांपैकी दोघे आपले मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात होत. सभासदांत शिकारीचे शौकीन पुष्कळ होते. हेच मंडळ पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी म्हणून जगभर नावाजले.

१९०८ मध्ये एक लहान मुलगा छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन याच सोसायटीत गेला. तेथील मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलले नाही. पक्ष्याचे नाव सांगितले आणि भुसा भरून ठेवलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. आपल्या अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नवख्याला हसत नाही, माहिती लपवत नाही, अशी बैठक माणसाला कोठल्या कोठे नेते ते यावरून दिसते.

सोबतीचे शास्त्र

"डॉक्टर, ही झाली गोष्ट. याला पुरावा काय?" असे कोणी विचारील. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अलामीडा जिल्ह्यात १९६५ मध्ये सुमारे सात हजार प्रौढांची पाहणी झाली आणि नऊ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. बर्कमन आणि साइम या संशोधकांनी १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे नातेवाईक, मित्र, मंडळे यांच्याशी संबंध सर्वांत कमी होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळले. धूम्रपान, दारू, व्यायाम यांचा हिशेब वेगळा केल्यावरही फरक राहिलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, असे नोंदवले आहे.

कारण समजायला कठीण नाही. एकटेपणात शरीर सतत सावध राहते. ताणाची संप्रेरके वाढतात, रक्तदाब चढतो, झोप मोडते. शिवाय एकट्या माणसाला "आज तोंड उतरलेले का दिसते?" असे विचारणारे कोणी नसते. निवृत्तीनंतर पुरुषांचे हे फार होते. नोकरीतली ओळख नोकरीबरोबर संपते. त्या मानाने आपल्या खारेपाटातल्या बायका शहाण्या. ओहोटीला खाडीत शिंपल्या वेचायला त्या घोळक्याने जातात, भरती फिरली की एकमेकींना हाक मारतात आणि मनातले दुःखही तेथेच हलके करतात.

मुठ्यांना जाणाऱ्यांसाठी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रात्री शेतावर जाणाऱ्या गटाने काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात.

पहिली सापाची. कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत. बिळात उघडा हात घालू नये. पायात गमबूट, हातात काठी आणि प्रत्येकाजवळ बॅटरी हवी. दंश झाल्यास कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. अंगठी, घड्याळ काढावे, चावलेला हात-पाय फळकुटाला बांधून हलता ठेवू नये आणि रुग्णाला चालवत न नेता उचलून न्यावे. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. एकटा माणूस यातले काय करणार? त्याला चालतच यावे लागते आणि चालण्याने विष भराभर पसरते.

विंचवाबाबतही तेच. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी किती मुले दगावत! महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि चित्र पालटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु ही गोळी वेळेवर मिळायला रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे.

दुसरी गोष्ट लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून, पायाच्या बारीक जखमेतून शरीरात शिरतात. जखम असेल तर पाण्यात उतरू नये. नंतर एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल होणे असे दिसले, तर डॉक्टरला "मी मुठ्यांना गेलो होतो" हे आवर्जून सांगावे. येथेही गटाचा उपयोग होतो. एकाला ताप आला की बाकीच्यांनी आपापली तब्येत पाहावी. मागे एकाच रात्री गेलेले दोघे जण तीन दिवसांच्या अंतराने माझ्याकडे आले. पहिल्याच्या तापाला मी साधा ताप समजलो होतो. दुसरा आला तेव्हा मला शंका आली. दोघेही बरे झाले.

तिसरी, पाण्याची आणि विजेची. कोलाडच्या बाजूला कुंडलिकेत वीजगृहाचे पाणी सुटते आणि पातळी बघता बघता वाढते. वेळेची माहिती असणारा माणूस बरोबर असावा. वीज कडाडू लागली की मोकळ्या शेतात किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये.

चौथी गोष्ट कडू लागेल, पण सांगतो. प्रत्येक संगत औषध नसते. ज्या गटाची शिकार बाटलीपाशी सुरू होते आणि बाटलीपाशीच संपते, तो गट माणसाला सांभाळत नाही, बुडवतो. प्यायलेल्या माणसाला साप दिसत नाही आणि साखर उतरली तरी कोणाला कळत नाही. मधुमेही, हृदयरोगी यांनी आपला आजार आणि गोळ्यांची नावे गटातील निदान दोघांना सांगून ठेवावीत. त्यात लाज कसली?

अण्णा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचे शिक्षक मित्र गेल्या वर्षी वारले. पण त्यांचा मुलगा आता काठावर येऊन बसतो आणि साखरेची पुडी त्याच्या खिशात असते.

तेव्हा यंदाही कोणी खुर्चीतून उठता उठता "मुठ्यांना जाऊ का?" असे विचारले, तर मी "नाही" म्हणणार नाही. मी एवढेच विचारीन, "बरोबर कोण कोण आहे?"