पाणी तापवू कशावर?



गेल्या हंगामात घोडनदीकाठच्या एका वस्तीवर ऊस लागणीची नोंद घ्यायला गेलो होतो. सकाळची वेळ. नेहमीप्रमाणे पाचटाचा विषय काढला. एकरी 3 ते 4 टन पाचट निघते, त्यात नत्र आहे, पालाश आहे. ते पेटवू नका, सरीत कुजवा. घरधनी माना डोलावत होते. तेवढ्यात बंबात पाचटाचा बोळा सारत बाई म्हणाल्या, "सायेब, पाचट कुजवा म्हणता, शेण रानात टाका म्हणता. समदं बरोबर हाय. मग पाच माणसांचं पाणी तापवू कशावर?"

मला उत्तर देता आले नाही. आज ते उशिरा देतो आहे.

आधी हिशेब पाहू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. थंडीत टाकीतले पाणी 16 अंशांवर आले आणि अंघोळीला 42 अंश हवे, तर 15 लिटरच्या बादलीला 390 किलोकॅलरी लागतात. पाच बादल्यांना 1,950. विजेच्या एका युनिटात 860 किलोकॅलरी असतात. म्हणजे रोज सव्वादोन युनिट, महिन्याला 68 च्या आसपास. घरगुती बिलात 100 युनिटांच्या पुढे दर चढतो, हे लक्षात घ्या. गिझरचे युनिट बहुतेक त्या वरच्या दरातच पडतात.

लाकडाचेही तसेच. वाळलेल्या एक किलो लाकडात साडेतीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी असतात. म्हणजे अर्धा-पाऊण किलोत काम भागायला हवे. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट जळते. बाकीची उष्णता धुराड्यातून जाते, ओले जळण वाळण्यात जाते आणि उरलेल्या पाण्याबरोबर निवून जाते.

शिवाय या जळणाची पावती कुठे फाटत नाही, म्हणून ते फुकट वाटते. वेड्या बाभळीचा भारा आणायला, उसाच्या कडेचे पाचट गोळा करायला घरातली बाईच जाते, आणि तेही पुष्कळदा अंधारात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतकडे बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले. पहाटेच्या एका भाऱ्यासाठी उसाकडे पाठवावे असे दिवस आता राहिलेले नाहीत. बंब बंद करता येत नसेल, तर निदान जळण दिवसाउजेडी, दोघांनी मिळून आणावे आणि आठवड्याचे घराजवळ आडोशाला रचून ठेवावे. ते वाळतेही.

आता उपाय. पहिला बिनपैशाचा. बोअरचे पाणी थंडीत कोमट लागते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. जमिनीखालचे पाणी 25-26 अंशांच्या जवळपास राहते. रात्रभर गच्चीवरच्या टाकीत पडले की गारठते. सकाळी वीज असेल तर अंघोळीचे पाणी त्याच वेळी उपसा. 16 ऐवजी 26 अंशांपासून तापवायचे म्हटल्यावर एक-तृतीयांशाहून जास्त खर्च तिथेच वाचला. वीज रात्रीची असेल, तर उपसलेले पाणी घरातल्या पिंपात झाकून ठेवा.

दुसरा उपाय बंबाचा. बंबात वरून गार पाणी ओतावे तेव्हा तोटीतून गरम येते. म्हणून शेवटच्या अंघोळीनंतरही बंब गरम पाण्याने भरलेला राहतो आणि ते पाणी वाया जाते. शेवटच्या दोघांच्या आधीच जाळ ओढून घ्या. उरलेल्या पाण्यात भांडी, दुधाच्या किटल्या धुवा. कारखान्यात आपण रसातून निघालेली वाफ सोडून देत नाही, तिच्यावर पुढच्या भांड्यातला रस उकळतो. घरात तोच न्याय लावायचा. बंबाची नळी काजळीने आणि आतली बाजू क्षाराने भरली असेल तर साफ करून घ्या.

तिसरा उपाय उन्हाचा. पूर्वी अंगणात घंगाळ उन्हात ठेवून लेकरांना अंघोळ घालत. तेच जरा मोठे करायचे. एक इंची काळा पाइप 100 फूट घेतला तर त्यात एक बादली पाणी मावते. पत्र्यावर वेटोळे करून ठेवा. दुपारी कपड्यांना आणि रानातून आल्यावर हातपाय धुवायला ते पुरते. मात्र उन्हाळ्यात चटका बसेल असे तापते, मुलांना आधी हात लावू देऊ नका.

सकाळच्या अंघोळीसाठी सौर बंब. 100 लिटरच्या सपाट पट्टीच्या संचाला सुमारे दोन चौरस मीटर पट्टी लागते. तोंड दक्षिणेला, झाडाची सावली नको. टाकीपासून मोरीपर्यंतची नळी आखूड आणि गुंडाळलेली असावी. नाहीतर पहिली बादली गारच येते. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर तांब्याच्या बारीक नळ्या चोंदतात. त्या मानाने काचनळ्यांचा संच बरा, तरी तोही साफ करावा लागतो. रिकाम्या, तापलेल्या काचनळ्यांत भर दुपारी गार पाणी सोडू नका, तडकतात. ढगाळ दिवसांसाठी जुना बंब मोडीत घालू नका.

दोन इशारे. बादलीत रॉड टाकला असेल तर बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. गॅसचा गिझर बंद मोरीत बसवू नका. त्याच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

त्या बाईंचा प्रश्न बरोबर होता. पाचट कुजवा असे सांगणाऱ्याने बंबाचे काय ते आधी सांगायला हवे. पुढच्या नोंदीला येईन तेव्हा पाचटाबरोबर पाण्याचीही चौकशी करीन. आपल्या वस्तीवर एखादी युक्ती चालत असेल तर गट कार्यालयात जरूर कळवा.

— ऊस विकास अधिकारी