फिरत्या प्रयोगशाळेची ओली जमीन

बिलोली तालुक्यातील एका शाळेच्या पटांगणात आमची फिरती प्रयोगशाळा उभी होती. सप्टेंबर महिना, रात्रभर पाऊस झालेला, चाके काळ्या मातीत चार बोटे रुतलेली. आमच्यातील एक जण सूक्ष्मदर्शक मांडत असताना बेसिनजवळ त्याचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. व्हिनाइलच्या आवरणाखालचे प्लायवुड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झाले होते. पाचच मिनिटांनी तेथे सातवीची मुले उभी राहणार होती आणि शेजारच्या कपाटात स्पिरिटच्या बाटल्या होत्या.

चूक आमचीच होती. आदल्या पावसाळ्यात तीच जागा ओलसर व मऊ लागली होती. आम्ही ती पुसली, वर नवे व्हिनाइल चिकटवले आणि काम झाले असे समजलो. प्रत्यक्षात आम्ही पाणी आत कोंडून ठेवले होते.

पुण्याच्या विज्ञानवाहिनीने १९९५ पासून फिरती प्रयोगशाळा महाराष्ट्रातील खेड्यांपर्यंत नेली. आमची गाडी म्हणजे त्याच कल्पनेवरची एक जुनी मिनीबस. परदेशात सहलीसाठी वापरतात ती मोटरहोम किंवा महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये ज्यांच्यासाठी पर्यटन धोरण आणले त्या कॅराव्हॅन, यांची बांधणीही बरीचशी अशीच असते. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवुड आणि सर्वांत वर आवरण. त्यामुळे दुखणेही सारखेच.

पाणी येते कोठून?

ओल दिसते तेथेच पाणी शिरते असे आपण धरून चालतो. हे बहुधा खरे नसते. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी केशाकर्षणाने सुमारे ३० सेंटिमीटर वर चढते. हीच फट आडवी असेल, तर पाण्याला स्वतःचे वजन उचलावे लागत नाही आणि ते कितीतरी लांब सरकते. मागच्या खिडकीचे रबर फाटलेले आणि ओल मात्र दारापाशी, असे म्हणूनच घडते.

शोध घेताना पाणी नेहमी खालून वर मारीत जावे. आधी चाकांवरचा पत्रा, मग दाराचा उंबरा, मग खिडक्या आणि शेवटी टप. प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटे थांबून आत पाहावे. आरंभच टपापासून केला, तर ओघळ सगळ्याच फटींवरून जातो आणि दोषी कोण ते कळत नाही. बेसिनच्या नळीचा संशय असेल, तर पाण्यात कपड्यांची नीळ घालावी. खाली निळा डाग उमटला की प्रश्न मिटला. आमच्या गाडीत तो उमटला. नळीचा सांधा हादऱ्यांनी सैल झाला होता.

तिसरी शक्यता दवाची. रात्री पत्रा थंड होतो आणि आतल्या दमट हवेतील बाष्प त्यावर जमते. हे ओळखण्यासाठी आवरण काढून प्लायवुडवर फूटभर चौरस पॉलिथिन ठेवावे, चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस वाट पाहावी. थेंब पॉलिथिनच्या खालच्या बाजूस दिसले, तर ओल लाकडातून येते. वरच्या बाजूस दिसले, तर हवेतून.

लाकूड किती ओले?

हाताला कोरडे लागणारे लाकूड कोरडे असतेच असे नाही. त्याचा एक तुकडा घ्या, वजन करा, सुमारे १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा वजन करा. समजा, आधी ६२ ग्रॅम व नंतर ४८ ग्रॅम भरले. गेलेले पाणी १४ ग्रॅम. त्याला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले, की ओलावा सुमारे २९ टक्के येतो.

हा आकडा महत्त्वाचा आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला अन्न, हवा, ऊब आणि पाणी या चार गोष्टी लागतात. पहिल्या तीन आपण काढून घेऊ शकत नाही. ओलावा २० टक्क्यांखाली ठेवला, तर मात्र ती वाढत नाही. २८ ते ३० टक्क्यांच्या पुढे पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरतात आणि बुरशीचे फावते. ती सेल्युलोज खाते. मागे उरतो तो बोटांनी चुरडणारा तपकिरी भुगा.

लाकूड हवेशी समतोल साधते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर त्यातील ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता ९० टक्के असेल, तर सुमारे २० टक्क्यांवर. म्हणजे भर पावसाळ्यात नुसते दार उघडून ठेवल्याने जमीन पुरेशी वाळत नाही. आम्ही गळती लगेच बंद केली, गाडी उभी करून ठेवली आणि कापाकापीसाठी ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहिली.

दुरुस्ती

प्रथम बॅटरीची तार सोडवली, गॅसचा सिलिंडर व रसायने बाहेर नेली. मग आवरण पूर्ण काढून जमिनीत जागोजाग दाभण टोचले. जेथे ते सहज शिरले तेथे खडूची खूण केली. खुणांच्या बाहेर आणखी वीतभर लाकूड कापले, कारण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या डागाच्या पुढे गेलेले असतात. करवतीची खोली प्लायवुडच्या जाडीएवढीच ठेवली. खाली तारा व नळ्या होत्या.

उघडे पडलेले लोखंडी चॅनेल गंजले होते. तारेच्या ब्रशने ते घासून रेडऑक्साइड लावले. नंतर आठ दिवस सर्व उघडे ठेवले. तुकड्याचे वजन करून ओलावा १२ टक्क्यांवर आल्याची खात्री झाली, तेव्हाच नवे प्लायवुड आणले. ते आय. एस. ७१० या मानकाचे, म्हणजे मरीन, घेतले. त्यातील फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा सरस उकळत्या पाण्यातही सुटत नाही. घरातील फर्निचरसाठी मिळणाऱ्या साध्या प्लायवुडमधील युरिया फॉर्मल्डिहाइडला ते जमत नाही.

मरीन असले तरी कडा उघड्या ठेवू नयेत. लाकडातील वाहिन्यांची तोंडे तेथे उघडी पडतात आणि पाणी सर्वांत वेगाने तेथूनच शिरते. कडांना व स्क्रूच्या भोकांनाही एपॉक्सी लावले. प्रत्येक सांधा चॅनेलवर किंवा नव्या लाकडी पट्टीवर टेकेल असा बसवला. अधांतरी सांधा पायाखाली दबतो आणि फट पुन्हा उघडते. बेसिनखाली आता आवरण नाही. तेथे नुसते रंगवलेले प्लायवुड आहे, म्हणजे पुढची गळती झाकली न जाता दिसेल.

वर्गासाठी

काचेच्या दोन पट्ट्या एका कडेला जुळवा, दुसऱ्या कडेला मध्ये काडी ठेवा आणि रंगीत पाण्यात उभ्या करा. फट अरुंद होत जाते तसे पाणी वर चढत जाते आणि एक सुंदर वक्र तयार होतो. पॉलिथिनची परीक्षा तर वर्गातच होईल. काळ्या मातीवर बसवलेली शहाबादी फरशी पावसाळ्यात ओली का होते, खालच्या ओलीमुळे की हवेतील बाष्पामुळे, हे मुलांनी आधी अंदाजाने लिहावे आणि मग पाहावे. जुलै व डिसेंबर, अशा दोन महिन्यांत तोच प्रयोग केल्यास तुलना चांगली होते. आपल्या नोंदी आम्हांला अवश्य कळवाव्यात.