हरमुखच्या परिसरातील सरोवरे

सोनमर्ग ते नारानाग हा काश्मीरच्या गांदरबल जिल्ह्यातला सुमारे ७० किलोमीटरचा पायी मार्ग ट्रेकर मंडळींना ‘काश्मीर ग्रेट लेक्स’ या नावाने परिचित आहे. विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, गंगबल आणि नुंदकोल ही सरोवरे या वाटेवर ओळीने लागतात. वाट मात्र पर्यटकांनी पाडलेली नाही. उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्यांचे कळप घेऊन वरच्या कुरणांवर जाणाऱ्या गुज्जर-बकरवालांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. आजही विशनसरच्या आसपास त्यांचे दगड-लाकडाचे, मातीच्या छपराचे ‘ढोक’ दिसतात.

ही सरोवरे हिमनद्यांनी घडवली. डोंगरउतारावर साचलेला बर्फ स्वतःच्या वजनाने सरकू लागला, की खालचा खडक खरवडून निघतो आणि आरामखुर्चीच्या आकाराचा खोलगट खळगा तयार होतो. भूगोलात त्याला हिमगव्हर म्हणतात. बर्फ मागे हटला की खळग्यात पाणी साचते. वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा ढीग, म्हणजे हिमोढ, पुष्कळदा तोंडाशी बांध घालतो. हिमनदीने दळलेल्या खडकाचे अतिसूक्ष्म पीठ पाण्यात तरंगत राहते आणि त्यावरून प्रकाश विखुरतो. हिरवट निळा रंग येतो तो त्यामुळे.

सोनमर्गहून चढणारी वाट भूर्जवृक्षांच्या पट्ट्यातून बाहेर पडते आणि सुमारे ४,००० मीटर उंचीची निचनाई खिंड ओलांडते. या खिंडीचे महत्त्व पाण्याच्या दृष्टीने मोठे. अलीकडचे पाणी सिंध नाल्याला, पलीकडचे किशनगंगेला. किशनसरचे पाणी खालच्या विशनसरमध्ये उतरते आणि तेथून किशनगंगेकडे निघते. गडसरही त्याच खोऱ्यातले. गंगबलचे पाणी मात्र नुंदकोलमध्ये शिरून वांगत नाल्याने सिंधला मिळते. सिंध शादीपूरजवळ झेलमला भेटते आणि किशनगंगा थेट मुझफ्फराबादेत. म्हणजे एका खिंडीने वेगळे केलेले पाणी शेवटी एकाच नदीत येते.

किशनसरच्या काठावरून चढून गाठायची गडसर खिंड सुमारे ४,२०० मीटरवर आहे. मार्गातला हा सर्वांत उंच टप्पा. खिंडीतून मागे वळून पाहिले, की किशनसर आणि विशनसर ही दोन्ही सरोवरे एकाखाली एक दिसतात. पुढचा उतार जुलै-ऑगस्टमध्ये रानफुलांनी भरलेला असतो.

या मार्गाचा खरा मानबिंदू हरमुख. ५,१४२ मीटरच्या या पर्वताच्या पायथ्याशी अडीच किलोमीटर लांबीचे गंगबल पसरले आहे आणि शेजारी, हिमनदीच्या अगदी खाली, नुंदकोल आहे. काश्मिरी पंडितांना गंगबल गंगेसमान. मृतांच्या अस्थी येथे विसर्जित करण्याची त्यांची परंपरा असून भाद्रपदातल्या गंगाष्टमीला यात्रा भरते. भूगोलाच्या इतिहासातही हरमुखचे स्थान अढळ आहे. १८५६ मध्ये टी. जी. माँटगोमेरी या सर्वेक्षकाने येथील ठाण्यावरून सुमारे २१० किलोमीटरवरची काराकोरमची दोन शिखरे टिपली आणि त्यांना के-१, के-२ अशी खुणेची नावे दिली. पहिल्याचे स्थानिक नाव माशेरब्रुम हेच पुढे रूढ झाले. दुसऱ्याची खूण मात्र कायमची टिकली. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखराचे नाव असे हरमुखवरून निघाले.

गंगबलहून नारानागपर्यंत सुमारे १,३०० मीटरची उतरण आहे, गुडघ्यांची परीक्षा घेणारी. खाली पोहोचल्यावर प्राचीन दगडी मंदिरांचा समूह आणि झऱ्याचे कुंड दिसते. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’तले भूतेश क्षेत्र ते हेच. कल्हणाचे वडील चंपक या क्षेत्राचे भक्त होते. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९०० मध्ये प्रसिद्ध करणारे ऑरेल स्टाइन याच परिसरातल्या मोहंद मर्गवर तंबू ठोकून काम करीत. बहुतेक प्रवासी थकून मंदिरांवरून नुसती नजर फिरवतात आणि गाडीत बसतात. एवढ्या थोर स्थळाला निदान अर्धा दिवस द्यायलाच हवा.

जुलै ते सप्टेंबर हा जाण्याचा काळ. पीर पंजाल रांगेमुळे मोसमी पाऊस काश्मीर खोऱ्यात कमी पोहोचतो. सह्याद्री धुक्यात बुडालेला असताना येथे चालता येते. मात्र खिंडींत हवा तासाभरात पालटते. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी उंचीचा हिशेब नीट करावा. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आणि श्रीनगर शहरच जवळपास तेवढ्या उंचीवर. विमानाने उतरून लगेच चढाईला लागणे धोक्याचे. सोनमर्गला एखादा दिवस थांबून शरीराला सवय लावावी. डोके दुखून उलट्या सुरू झाल्या तर वर न जाता खाली उतरावे. नियंत्रण रेषा दूर नसल्याने वाटेवर लष्कराच्या चौक्यांत ओळखपत्र तपासले जाते. मार्ग खुला आहे की नाही याची चौकशी निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाकडे करावी. आणि वरच्या मुक्कामी साबण-शाम्पू प्रवाहात जाऊ देऊ नये, प्लास्टिक खाली घेऊन यावे. वांगत आणि सिंधच्या काठची गावे याच पाण्यावर जगतात.