लहान उत्पादकांचे ग्राहक मंडळ : वाइन क्लबपासून काय घ्यावे?



थोडा माल योग्य भावाने विकणे हे माल तयार करण्यापेक्षा कठीण असते, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल घरात येते. नेमकी त्याच वेळी पैशाची निकड असते. त्यामुळे कोचिया सांगेल त्या भावाने फूल जाते आणि पुढे पावसाळ्यात गरज पडली की तेच चढ्या भावाने विकत घ्यावे लागते. जगातील लहान द्राक्ष बागाईतदारांपुढेही अशीच अडचण होती. त्यांच्या मालासाठी निघालेल्या एका उपायाला आज 'वाइन क्लब' म्हणतात. दारूचा प्रचार करणे हा या लेखाचा हेतू नाही. ती विक्रीची पद्धत समजून घेऊन आपल्या वनोत्पादनास कशी लावता येईल, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

वाइन क्लब म्हणजे काय?

वाइन क्लब हे सभासद ग्राहकांचे मंडळ असते. सभासद आगाऊ वर्गणी भरतात. मंडळ लहान उत्पादकांकडून थोडा थोडा माल घेऊन ठरलेल्या वेळी तो सभासदांत वाटते. प्रत्येक बाटलीवर उत्पादकाचे नाव, गाव व हंगामाचे वर्ष असते. लंडनमध्ये १८७४ साली अशी एक सहकारी संस्था स्थापन झाली. तिचे ग्राहक हेच तिचे भागधारक असून ती आजही चालू आहे. फ्रान्सच्या दक्षिण भागातील मारोसाँ या गावी १९०१ साली लहान बागाईतदारांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि पॅरिसमधील कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थांना थेट वाइन पुरविली. एकट्याने व्यापाऱ्यापुढे उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

आपल्या राज्यात २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर झाले आणि नाशिक, पुणे, सांगली भागात अनेक वाइनरी उभ्या राहिल्या. २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःची विक्रीव्यवस्था नव्हती अशा बऱ्याच लहान वाइनरी अडचणीत आल्या. ठरलेला ग्राहक हाताशी नसेल तर चांगला मालही पडून राहतो, हे यावरून ध्यानात यावे.

कायद्याची मर्यादा

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथे वाइन तयार करणे, विकणे किंवा मंडळामार्फत वाटणे कायद्याने चालत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. तरीही मद्यनिर्मिती व विक्रीस राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. मध्य प्रदेशात अलिराजपूर व दिंडोरी येथे बचत गटांनी मोहाची दारू परवान्याने बनविली, हे खरे. परंतु तो त्या राज्याच्या धोरणाचा भाग आहे. आपण ते उदाहरण पाहून काम सुरू करू नये.

मोहफूल हे अन्न म्हणून, जांभूळ रस म्हणून आणि मध या तीन वस्तूंसाठी मात्र ग्राहक मंडळ काढता येते. केंद्र शासनाने २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलाची आधारभूत किंमत किलोस १७ रुपयांवरून ३० रुपये केली आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलावरील निर्बंध सैल केले. तरी साठा व वाहतुकीचे सध्याचे नियम आपल्या तालुक्यात विचारून मगच खरेदी सुरू करावी.

ग्रामसभेने एकत्रित विक्री करणे आपल्याकडे नवे नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये वाहतूक परवान्याचा अधिकार हाती आल्यावर ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकला. ग्राहक मंडळ ही त्याच्या पुढची पायरी समजावी.

मालाची प्रत कशी राखावी?

मोहफूल : फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. त्यातून वणवा लागतो आणि फुलांना राख-माती लागते. त्याऐवजी झाडाखाली जाळी बांधावी. फुले स्वच्छ ताडपत्रीवर किंवा उंच मांडवावर वाळवावीत, रस्त्यावर वाळवू नयेत. पुंकेसर काढून टाकावेत. वाळलेल्या फुलात साधारण निम्मी साखर असते, त्यामुळे पावसाळी हवेत ते ओलावा धरून आंबते. म्हणून पावसापूर्वीच हवाबंद डब्यात भरावे.

जांभूळ : फळ पिकल्यावर लवकर नासते. त्याच दिवशी गर काढून रस ८० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा व निर्जंतुक बाटलीत गरम असतानाच भरावा. न तापविलेला रस आपोआप आंबून त्यात मद्यार्क तयार होतो. दारूबंदीच्या जिल्ह्यात ही काळजी विशेष घ्यावी.

मध : पोळ्याचा मध असलेला भागच कापावा, अळ्यांचा भाग राहू द्यावा. मध पिळून न काढता गाळून घ्यावा.

मंडळ कसे सुरू करावे?

१. ग्रामसभेने किंवा बचत गटाने ठराव करून दोन हिशेबनीस नेमावेत व बँकेत वेगळे खाते उघडावे.

२. अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करून घ्यावी.

३. पहिल्या वर्षी पन्नासच सभासद घ्यावेत. शाळा, बँक, दवाखाना येथील नोकरदार, तसेच नागपूर-चंद्रपूरला स्थायिक झालेले गावकरी यांच्यापासून सुरुवात करावी.

४. निम्मी वर्गणी फेब्रुवारीत घ्यावी. समजा, वर्षाच्या मालाची किंमत सभासदास ८०० रुपये ठरली, तर पन्नास जणांचे निम्मे, म्हणजे २०,००० रुपये हंगामापूर्वी हाती येतात. त्यातून फुले वेचणाऱ्यास वजनाच्या दिवशीच रोख द्यावे. याच रोखीसाठी ती कोचियाकडे जाते, म्हणून हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे.

५. प्रत्येक पाकिटावर गाव, गट, महिना व वर्ष लिहावे. बाहेरचा माल मिसळू नये.

६. एखाद्या वर्षी मोह कमी फुलला तर तसे आधीच कळवावे व त्या हिश्श्याचे पैसे परत करावेत.

सर्व माल मंडळास देऊ नये. घरच्या खाण्याचा वाटा प्रथम बाजूला काढावा, चांगल्या प्रतीचा थोडा माल मंडळास द्यावा व उरलेला नेहमीच्या बाजारात विकावा. दोन-तीन वर्षे हिशेब चोख राहिला तरच सभासद वाढवावेत.

मोहफूल वाळविणे व जांभूळ प्रक्रियेच्या माहितीसाठी सिंदेवाही किंवा सोनापूर (गडचिरोली) येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. येत्या मोहाच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत हा विषय मांडल्यास पहिली पन्नास नावे जमविण्यास पुरेसा वेळ मिळेल.