काय हवे, हे विचारणारा माणूस

देवासची एखादी नात रोज इंदूरला संगणकाच्या नोकरीस जाते आणि ‘मी गरजांचे विश्लेषण करते’ असे सांगते, तेव्हा आजीला त्याचा अर्थबोध होत नाही. दाखला धारचाच घ्यावा.

१ जानेवारी २००० रोजी धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ योजना सुरू झाली. गावोगावी सूचनालये उघडून ती दूरध्वनीच्या तारेने जिल्ह्याच्या ठाण्याशी जोडली गेली. मात्र संगणकावर काय द्यावे, हे आधी ग्रामस्थांनाच विचारले होते. उत्तरे साधी होती : मंडीचा भाव, खसऱ्याची नक्कल, तक्रारीची दाद. एवढ्यासाठी शेतकऱ्याचा अख्खा दिवस बुडे! त्याच वर्षी योजनेला स्टॉकहोमचा पुरस्कार लाभला. पुढे मात्र वीज जाई, तार रुसे; वापर बेताचाच राहिला. गावाची गरज विचारली, तारेची कुवत विचारायची राहिली, असे आम्हांस वाटते.

कंपन्यांतूनही पूर्वी ही विचारपूस प्रारंभी एकदाच होई. विश्लेषक जाडजूड बाड लिहून मोकळा होई. २००१ साली अमेरिकेत १७ जाणकारांनी याविरुद्ध जाहीरनामा काढला. थोडे करून दाखवावे, पुन्हा विचारावे, ही रीत रुळली. कित्येक ठिकाणी विश्लेषकाचे वेगळे पदच उरले नाही. विचारणे सर्वांवर आले. (सर्वांवर सोपविलेल्या कामाचे काय होते, हे आपल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांस ठाऊक आहेच.)

आता आज्ञावली लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. काय लिहावे, ते त्यांना सांगावेच लागते. त्यासाठी देवासच्या त्या नातीला मंडीत जाऊन शेतकऱ्याशी बोलावे लागणार.