मंडळाचं आडनाव

संदर्भसूची शेवटच्या आठवड्यात हातासरशी होऊन जाईल, या समजुतीत मी प्रबंधाची पहिली दोन वर्षं काढली. तिसऱ्या वर्षी संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. 2006 साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात, इतिहासाच्या अभ्यासकांच्या केंद्रात ते तयार झालं आणि आजही मोफत आहे. पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की नोंद आपोआप येते. मराठी पुस्तकाची मात्र बऱ्याचदा रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा-टिंबं घेऊन येते, कारण ती परदेशी ग्रंथालयाच्या तालिकेतून आलेली असते. ती तशीच राहू दिली तर एकच लेखक सूचीत दोन ठिकाणी दिसतो.

विश्वकोशाची नोंद केली तेव्हा सूचीत उमटलं, 'मंडळ, महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती'. लेखकाच्या नावाला दोन रकाने असतात, नाव आणि आडनाव. घाईत मी 'मंडळ' आडनावात टाकलं होतं. शेजारचं छोटं बटण दाबून दोन्ही रकाने एक केले तेव्हा संस्थेचं नाव सरळ झालं. 'ज्ञानेश्वर, संत' हेही असंच सुधारलं.

सर्वांत जास्त वेळ घेतला शके सनांनी. एका पुस्तकावर नुसतं 'शके 1830' होतं. 78 मिळवून मी 1908 लिहिलं. पुढे प्रस्तावनेखाली तिथी दिसली, माघ शुद्ध पंचमी. म्हणजे इसवी सन 1909 उजाडलेलं होतं. आता सनाच्या रकान्यात इसवी सन आणि टिपणात मूळ शके, असं दोन्ही ठेवते. वाचकाला मूळ पुस्तक शोधायचं असतं, त्याला दोन्ही लागतात.

मार्गदर्शकांनी संदर्भशैली बदलायला सांगितली तेव्हा दोनशेवर तळटीपा पाहता पाहता बदलल्या. पण सूचीत मी हाताने केलेल्या दुरुस्त्याही त्याच झटक्यात पुसल्या गेल्या. दुरुस्ती करायची ती मूळ नोंदीतच, हे तेव्हा पक्कं कळलं.

हल्ली पुस्तक हातात असतानाच शीर्षकपानाचा आणि त्याच्या पाठपानाचा फोटो काढून नोंदीला जोडते. परवा अशाच एका फोटोत, मुद्रकाच्या पत्त्याखाली बारीक टायपात 'दुसरी आवृत्ती' दिसलं. मी पहिली समजून सात ठिकाणी पृष्ठांक दिले आहेत. उद्या ग्रंथालय उघडलं की पहिली आवृत्ती मागवून सातही ताडून पाहायचे आहेत.