बोटांची लिपि आणि कानाची लिपि

१९९९ सालीं भंडाऱ्यापासून निराळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांत दिवाळीनंतर, धानाचें पीक हातीं आलें, कीं गांवोगांवीं झाडीपट्टीचीं नाटकें उभीं राहतात. नाटकांत पदें असतात आणि पदांना ऑर्गनची साथ. गाणाऱ्यानें वादकास 'काळी चार' एवढेंच सांगितलें, कीं त्याचें बोट नेमक्या जागीं पडतें. या दोन शब्दांकडे जरा निरखून पाहावें. त्यांत स्वराचें नांव नाहीं. पट्टीचा रंग आणि तिचा क्रमांक, एवढेंच आहे. कानाला कांहीं न सांगतां हाताला जागा दाखविणारी ही खूण. गिटारवादक ज्या लेखनपद्धतीस 'टॅब्लेचर' म्हणतात, तिचें मर्म हेंच.

गिटारीला तारा सहा, म्हणून टॅब्लेचरमध्यें आडव्या रेघाहि सहा. सर्वांत बारीक तार ती पहिली. तिची रेघ वर, आणि जाड अशा सहाव्या तारेची खालीं. वाद्य हातीं धरलें असतां जाड तार वर येते, त्यामुळें नवशिक्यास हें चित्र उलटें वाटतें. पण गिटार उताणी करून मांडीवर आडवी ठेवावी, म्हणजे तें सुलटें दिसतें. रेघेवर जो आंकडा असेल त्या क्रमांकाच्या पडद्याशीं तार दाबावयाची. शून्य म्हणजे तार मोकळी.

पांढरी एक हा षड्ज मानल्यास नेहमींच्या जुळणींत जाड तारेकडून बारीक तारेकडे ग, ध, रे, प, नी, ग असे स्वर मिळतात. आतां पांचव्या तारेवर ३, चौथीवर ०, २, ३, तिसरीवर ०, २ आणि दुसरीवर ०, १ हे आंकडे ओळीनें वाजवावे. शुद्ध स्वरांचें सप्तक तार षड्जापर्यंत ऐकूं येतें. वाजविणाऱ्यास सा कोणता आणि म कोणता याची वार्ताहि नसली तरी अडत नाहीं! शिवाय तिसऱ्या मोकळ्या तारेचा पंचम चौथ्या तारेच्या पांचव्या पडद्यावरहि सांपडतो. दोहोंपैकीं कोणता घ्यावा, हें पाश्चात्यांच्या पांच रेघांच्या स्वरलिपींत निराळ्या खुणेवांचून कळत नाहीं. टॅब्लेचरमध्यें तें आपोआप कळतें.

ही युक्ति अर्वाचीन नव्हे. १५०७ सालीं व्हेनिस येथें पेत्रुच्ची यानें ल्यूट या वाद्याचें संगीत याच रीतीनें छापलें. इटलीचे वादक आंकडे लिहीत, फ्रान्सचे अक्षरें. आणि रेघांच्या वर काळमानाच्या खुणा असत. आज हातोहात फिरणाऱ्या साध्या टॅब्लेचरांतून बहुधा नेमक्या त्याच गळालेल्या असतात. ज्यानें गाणें आधीं ऐकलें आहे त्याचें निभावतें. ज्यानें ऐकलें नाहीं, त्याच्या हातीं आंकड्यांची नुसती रांग उरते.

महाराष्ट्रांतील पंडितांनीं याच्या उलट वाट धरली. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं आपली स्वतंत्र स्वरलिपि सिद्ध केली. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनीं घराण्यांच्या तोंडीं असलेल्या शेंकडों चिजा क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत उतरविल्या. भातखंड्यांच्या लिपींत कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखालीं बिंदु आणि तार स्वरावर बिंदु. एका मात्रेंतले स्वर खालून कंसानें बांधलेले. समेला फुली, खालीला शून्य. येथें वाद्य नाहीं, बोट नाहीं. आहे तें स्वराचें षड्जाशीं नातें आणि तालांतली त्याची जागा. म्हणून तीच चीज कोणी पांढरी एकमध्यें गावी, कोणी काळी चारमध्यें. कागदावरचें एक अक्षर बदलत नाहीं. गिटारीवर मात्र आंकडे तेच ठेवून पट्टी चढवावयाची, तर कॅपो नांवाचा चिमटा पडद्यावर बसवावा लागतो.

तथापि आपल्याकडे हाताची लिपि नव्हतीच असें नव्हे. तबल्याचा 'ना' एकट्या दायांचा, 'गे' डग्ग्याचा, आणि 'धा' दोन्ही हातांचा. सतारीचे 'दा' आणि 'रा' हे नखीची दिशा सांगतात. फरक इतकाच, कीं ही लिपि तोंडानें म्हणतां येते. 'तीन, शून्य, दोन' म्हटल्यानें कांहीं कानांत उभें राहत नाहीं; 'धा धिं धिं धा' म्हणतांच लय चालूं लागते.

गिटारीचा शिक्षक जवळपास नसलेल्या मुलास टॅब्लेचर पहिल्याच दिवशीं वाजवावयास लावतें, ही सोय लहान नाहीं. पण त्यानें प्रत्येक आंकड्याखालीं सा, रे, ग लिहावें, पेटीवर वाजवून ताडून पाहावें आणि मात्रा मोजून विभागांच्या उभ्या रेघा ओढाव्या. उद्यां एखादी तार निराळ्या स्वरांत जुळविली, तर त्या तारेवरचे आंकडे खोटे ठरतील; त्यांखालचे सा, रे, ग मात्र जसेच्या तसे राहतील.